पाच मिनिटांचं चिंतन

"बाबा, किती मिनिटांचं आहे?" केतकीनं विचारलं, आणि पपईकडे दाखवणारा नाबर सरांचा हात तसाच हवेत राहिला.

तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. सकाळचे साडेआठ वाजले होते. सिल्वासाच्या डोकमर्डी भागातल्या त्यांच्या तळमजल्याच्या घरामागं हातभर मोकळी जागा होती, तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर केतकी बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. मागच्या आठवड्यातल्या वाऱ्यानं कुंपणालगतची पपई कमरेत मोडली होती, आणि आज सरांना दिसलं की मोडलेल्या जागेच्या जरा खाली, बुंध्यातून, बोटाएवढा हिरवा कोंब बाहेर आलाय. दिसलं आणि तोंडातून निघून गेलं, "केतकी, हे बघितलंस? मोडलेल्या झाडालासुद्धा..." एवढंच. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, त्याच्या पुढचंही होतं. तेवढ्यात तिनं विचारलं. बस किती वाजता आहे असं विचारावं, तसं. गेल्या सदतीस दिवसांत तिनं आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट. सरांना आधी बरंच वाटलं, मग कळलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं, "काय किती मिनिटांचं?" "चिंतन," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं असेल तर बसते. जास्त असेल तर मला आत जायचंय." आणि ती उठलीच. उठताना तिच्या गाऊनवर छातीशी दोन ओले डाग दिसले. सरांनी मान वळवली. गोळ्यांनी थांबेल असं डॉक्टर म्हणाले होते. सुमन, तिची आई, रोज सकाळी घट्ट पट्टा बांधत होती. तरी दूध येत होतं. कुणासाठी येतंय हे त्याला कोण सांगणार?

ती आत गेली आणि सर तिच्या खुर्चीवर बसले. खुर्ची अजून ऊबदार होती. चिंतन. किती वर्षांनी हा शब्द तिच्या तोंडी आला! एकतीस वर्षं त्यांनी सिल्वासातल्या मराठी शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर पाच मिनिटं चिंतन सांगितलं होतं. वेंगुर्ल्याहून इथं नोकरीला आले तेव्हा सत्ताविशीतले होते, किलवणी नाक्याजवळ एका खोलीत राहात होते, भाषा धड गुजराती नाही धड हिंदी नाही अशी अडखळत होती, आणि संध्याकाळी खोलीवर परत यायला नको वाटत होतं. अशात एका सकाळी चिंतन सांगणारे गुरुजी आले नाहीत आणि हेडमास्तरांनी ह्यांना पुढं ढकललं. ह्यांच्याकडे सांगण्यासारखं काय होतं? त्या दिवशी पहाटे पाण्याच्या पिंपात एक बेडूक पडलेला दिसला होता. तांब्यानं बाहेर काढायला गेले तर तो पुन्हा पुन्हा आत उडी मारत होता. तेवढंच त्यांनी सांगितलं, साधंच, आणि शेवटी म्हणाले की आपल्यालाही कुणीतरी असंच बाहेर काढू पाहात असेल, आणि आपण पुन्हा पुन्हा आत उडी मारत असू. चारशे मुलं गप्प उभी होती. आणि बोलत असताना सरांना वाटलं की आपल्या पाठीमागं, डाव्या खांद्याशी, कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि ऐकतंय. मागं वळून बघायची गरज नव्हती. बघितलं असतं तर फळा दिसला असता. पण ते होतं. सर देवळात फारसे जाणारे नव्हते, त्यांचा देव एवढाच. छोटी गोष्ट नीट बघितली, मुंग्यांची रांग, पावसानं वाकलेली गवताची काडी, चुलत्यानं पाठवलेल्या आंब्याच्या पेटीतला एकच नासका आंबा, की तो येऊन खांद्याशी उभा राहायचा. हे ढोंग नव्हतं. आज इतक्या वर्षांनी, त्या खुर्चीवर बसून, त्यांनी स्वतःला पुन्हा विचारून बघितलं. नव्हतं ढोंग.

मग केतकी झाली, आणि चिंतनाला विषय शोधायची गरज उरली नाही. तिचं पहिलं पाऊल. तिनं पडलेला दुधाचा दात मुठीत घट्ट धरला आणि झोपेत मूठ सुटली, ते. तापात तिनं "बाबा, माझ्या डोळ्यात ऊन गेलंय" म्हटलं, ते. सोळा वह्या भरल्या होत्या. सातवीत ती त्यांच्याच शाळेत होती. गणितात नापास झाली आणि पेपर तिनं तांदळाच्या डब्यात खालपर्यंत खुपसून ठेवला. सुमनला भात करताना तो सापडला. सर रागावले नाहीत, तिला जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर म्हणाले, "माझ्या घरी एक छोटी मुलगी आहे." पुढं तांदूळ, त्यातला कागद, आणि लपवलेली गोष्ट शिजते तेव्हा सगळ्या घराला वास येतो, असं काहीसं. चांगलं जमलं होतं. चारशे मुलांनी माना वळवून सातवीच्या रांगेकडे बघितलं. केतकी आपल्या बुटांकडे बघत होती. सरांना वाटलं, तिच्या मनाला भिडलंय. सतरा वर्षं त्यांना तेच वाटत आलं होतं. आत्ता, गार चहासमोर बसून, त्यांना ते बूट दिसले. काळे, डाव्याचा बंद सुटलेला. आणि त्या दोन बुटांवर गच्च रोवलेले तिचे डोळे. ती भिडण्याची नजर नव्हती. ती जमीन दुभंगावी म्हणून बघत होती.

बाहेर कुणाची तरी स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला, तो त्यांनी ऐकला आणि सोडून दिला. समोरच्या बिल्डिंगमधली रोशनी या वेळी कंपनीत जायला निघायची. थोड्या वेळानं सुमन देवपूजा आटपून आली. "केतकी कुठाय?" "आत." "आत नाही." सुमननं न्हाणीघर बघितलं, पुढची खोली बघितली. पलंगावर केतकीचा फोन वाजत होता, ओंकारचा, तिच्या नवऱ्याचा. तो पुण्यात कामावर परत गेल्यापासून रोज या वेळी फोन करायचा आणि ती उचलायची नाही. खिळ्यावर स्कूटीची किल्ली नव्हती. सुमन क्षणभर त्या मोकळ्या खिळ्याकडे बघत राहिली. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मालवण सोडलेली बाई, घरात शुद्ध बोलणारी, एकदम म्हणाली, "चेडू खंय गेला माझा? अहो, खंय गेला?"

गेटवर झुंबर होता. सोसायटीचा वॉचमन. शहाद्याकडचा, बारा वर्षं धाग्याच्या कंपनीत काढलेला, मग दम्यानं गेटवर बसलेला. सरांना बघून तो उभा राहिला, आणि त्याच्या उभं राहण्यातच त्यांना कळलं की ह्याला माहीत आहे.

"झुंबर, केतकी..."

"नदीवर गयी, सर." मग त्यानं टोपी काढली. "ताईनं मले इचारलं. कोठे ठेवलं माझ्या पोरीले, असं इचारलं. तुम्ही सांगू नको बोलले होते. पण सर, मले नाही बोलता नाही आलं. आई हाय ती."

"काय सांगितलंस?"

"पुलाच्या खाले. मसनवटीच्या पुढं करंज हाय, त्या करंजापासून नदीकडं वीस पावलं. मीच खड्डा केला, तं मले याद हाय. ताई काई बोलली नाही. नुसती गाडी चालू केली. सर, तुम्ही जा. मी गेट सोडून येतो का?"

सरांनी नको म्हणून मान हलवली आणि ते रस्त्यावर आले. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण घरातल्या चपला घालून आलोय. रिक्षावाल्यानं गुजरातीत विचारलं, कुठं जायचं, आणि "नदी" हा एकच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. तो म्हणाला, पुलावर का? हो, पुलावर. आणि पूल म्हटल्याबरोबर त्यांना खालचं भरलेलं पाणी दिसलं. पुढं कापडाचे गठ्ठे भरलेला ट्रक चालला होता, त्याला ओलांडता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना सप्टेंबरचं हिरवं, कंपन्यांच्या भिंतींवरून ओघळणारं, गटारातून वर आलेलं, विजेच्या खांबाला वेढून बसलेलं. ह्या हिरव्याबद्दल ते तिला काय बोलले होते? हॉस्पिटलात, तिच्या उशाशी. तिच्या ऑपरेशनचे टाके ओले होते, अंगात ताप होता, तिला उठता येत नव्हतं. पोरगी सातव्या महिन्यातच आली होती. अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. अकराव्या दिवशी सकाळी नर्सनं ती आणून केतकीला दोन मिनिटं दाखवली आणि मग ओंकार आणि सर तिला घेऊन गेले. संध्याकाळी सर परत आले, हात स्वच्छ धुतलेले, आणि केतकीनं विचारलं, "कुठं ठेवलंत?" तेव्हा ते म्हणाले, "ती मातीला मिळाली, बाळा. पावसाला मिळाली. आता जिथं जिथं हिरवं दिसेल, तिथं ती आहे असं समज." तिनं डोळे मिटले. त्यांना वाटलं, शांत वाटलं असेल. खोलीबाहेर येऊन त्यांना स्वतःलाही थोडं शांत वाटलं होतं, कारण वाक्य बरं उतरलं होतं.

हे त्यांना आता रिक्षात आठवलं. मागं, डाव्या खांद्याशी कुणी आहे का हे ते त्या दिवसापासून रोज तपासत होते. आंघोळ करताना, अंगणात, भाजी आणताना. एखादी गोष्ट नीट बघायची, लक्ष देऊन, आणि थांबायचं. कोणी येत नव्हतं. आपण नीट बघत नाही म्हणून येत नसेल असं वाटून ते आणखी नीट बघायचे. आज पपईचा कोंबही त्यासाठीच बघितला होता, हे त्यांना आता कबूल करावं लागलं. केतकीसाठी नाही. स्वतःसाठी. कोंबाच्या निमित्तानं तो परत येतो का, हे बघायला. आणि तेवढ्यासाठी ते एका आईला, जिचं दूध अजून आटलं नव्हतं, फुटव्याचं सांगायला निघाले होते.

पुलाच्या अलीकडे कठड्याला टेकवून स्कूटी उभी होती. किल्ली तिलाच होती. सर उतरले, खिशात पैसे नव्हते, रिक्षावाल्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि "जाओ काका, जाओ" म्हणून रिक्षा बाजूला घेतली. ते कठड्याशी आले. खाली दमणगंगा वाहात होती, गढूळ, रुंद, मध्यावर जोरात आणि कडेला आळसावल्यासारखी. फांद्या, पाण्याच्या बाटल्या, जलपर्णीचे पुंजके वाहात चालले होते. केशरी रंगाचं काहीतरी वर आलं आणि खाली गेलं. केतकीनं काय घातलं होतं? गाऊन. कुठल्या रंगाचा? त्यांना आठवेना. सकाळी त्यांनी पपईचा कोंब पाहिला होता, त्याची लव पाहिली होती, त्यावर बसलेली चिलटं पाहिली होती, आणि समोर बसलेल्या मुलीच्या गाऊनचा रंग पाहिला नव्हता. पाहिले होते ते दोन ओले डाग, आणि तिथून डोळे काढून घेतले होते. त्यांनी "केतकी" म्हणून हाक मारली. आवाज मैदानावरचा निघाला, चारशे मुलांना ऐकू जाणारा, खणखणीत, आणि तो आपलाच आवाज त्यांना इतका नकोसा झाला की दुसरी हाक मारायला धीर झाला नाही. हात जोडावेसे वाटले. कुणाला? हात कठड्यावरच राहिले. तू नाहीस, त्यांनी मनात म्हटलं. तू कधी नव्हतास. माझाच आवाज मला मागून ऐकू येत होता. पण माझी पोर मला परत दे. नाहीस तरी दे.

पुलाच्या कडेनं पायवाट खाली उतरत होती. चिखल होता. एक चप्पल त्यात अडकून तुटली, दुसरी त्यांनी काढून टाकली. स्मशानाचं पत्र्याचं छप्पर ओलांडून ते पुढं आले आणि थांबले. करंज नव्हता. गेल्या महिन्यात धरणाचं पाणी सोडलं तेव्हा नदी इथवर चढली होती. करंज होता तिथं आता मुळांचा एक खड्डा होता, त्यात पाणी साचलेलं, आणि त्याच्या पुढं सगळा काठच नवा होता. गाळाचा मऊ थर, त्यावर तरारलेलं गवत, लांबच लांब, वळणापर्यंत. वीस पावलं कुठून मोजायची? नदी तरी तेव्हा होती तिथं आहे का? बऱ्याच अंतरावर, पाण्याच्या अगदी कडेला, कुणीतरी वाकून चाललं होतं. गाऊन जांभळा होता.

सर धावले. साठी ओलांडलेला माणूस चिखलात जसा धावेल तसे. जवळ पोचले तेव्हा श्वास पुरत नव्हता, आणि त्यांनी काही बोलायच्या आतच केतकी वर न बघता म्हणाली, "झुंबरनं करंज सांगितला. करंज नाही."

"वाहून गेला."

"मग कुठं?"

सरांच्या तोंडाशी आलं होतं, इथंच कुठंतरी. ते गिळून ते म्हणाले, "मला माहीत नाही."

तिनं तेव्हा वर बघितलं. हातात वाळलेली काडी होती, ती जमिनीत टोचत ती इथवर आली असावी, मागं गाळात छोटी छोटी भोकं पडलेली दिसत होती. "तुम्ही म्हणालात, हिरवं दिसेल तिथं ती आहे," केतकी म्हणाली. "बाबा, इथं सगळंच हिरवं आहे. घरी हिरवं, खिडकीबाहेर हिरवं. आई कोथिंबीर निवडते ना, मला तिकडे बघवत नाही. मी कुठं कुठं बघू?"

"ते मी उगाच बोललो."

"उगाच?"

"मला काहीतरी बोलायचं होतं. म्हणून."

तिनं काडी खाली टाकली. मग एकेक विचारायला लागली. सुरात चढउतार नव्हता, एखादं हरवलेलं सामान लिहून घ्यावं तसं विचारत होती. "अंगावर काय होतं?" "आईनं शिवलेलं झबलं. मोठं होत होतं. बाह्यांतून हात बाहेर येत नव्हते." "दुपटं?" "निळ्या काठाचं. तुझ्या वेळचं, ट्रंकेतलं." "टोपी?" "हॉस्पिटलची होती, पिवळी. ओंकार म्हणाला, काढू नका." "कोणाच्या मांडीवर होती?" "ओंकारच्या. सगळा वेळ. खाली ठेवायला तयार नव्हता. झुंबरनं शेवटी त्याच्या हातातून घेतली." "पाय?" "पाय झाकले होते. डावं पाऊल बाहेर येत होतं, मी आत घातलं." "गार होतं?" "हो." "तोंड कुठल्या बाजूला?" "नदीकडे." "तोंड झाकलं होतं?" "मी उघडं ठेवलं होतं. मग माती टाकायच्या आधी झुंबर म्हणाला, सर, झाका. तेव्हा झाकलं." "कोणी झाकलं?" "मी." तिच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हता. सरांना वाटलं, आता पुरे. पण तिनं आणखी एक विचारलं. "तो खड्डा करत होता, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

हे सरांना कुणी विचारलं नव्हतं. ओंकारनं पाहिलं नव्हतं, तो मांडीवर बघत होता. झुंबर खणत होता. सुमनला सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगितलं नाही तर जगात कुणाला कळणार नव्हतं, आणि केतकीसाठी एक साधं, खोटं उत्तर अगदी जवळ होतं. रडत होतो. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं. त्यांना त्या क्षणी त्याहून जास्त काही नको होतं.

"पलीकडे एक बगळा उभा होता," ते म्हणाले. "मी त्याच्याकडे बघत होतो."

"आणि?"

"आणि वाक्यं जुळवत होतो." आता थांबता येत नव्हतं. "मनात. बगळ्यावरून. तो पाण्यात पाय रोवून उभा आहे, पाणी वाहून जातंय, असं. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला शब्द मिळेना म्हणून मी तो शोधत होतो. झुंबरनं दोनदा हाक मारली, मला ऐकू आली नाही. केतकी, मी तिथं नव्हतो. माझ्या नातीला खड्ड्यात ठेवत होते आणि मी शब्द शोधत होतो. आणि मला बरं वाटत होतं. तेवढा वेळ मला बरं वाटत होतं."

गाळाचा पहिला गोळा त्यांच्या छातीवर बसला तेव्हा त्यांना कळलंच नाही काय झालं. दुसरा मानेवर बसला. केतकी वाकून दोन्ही हातांनी चिखल उचलत होती आणि मारत होती, नेम धरून नाही, नुसती मारत होती, आणि तिच्या तोंडून जे निघत होतं ते रडणं असावं. सदतीस दिवस ती रडली नव्हती. हॉस्पिटलात नाही, घरी नाही, बाराव्या दिवशी, ज्या दिवशी बारसं झालं असतं त्या दिवशीही नाही. सुमन रोज म्हणायची, एकदा रडली तर मोकळी होईल. हे मोकळं होणं नव्हतं. तिचं पोट आतून पिळवटत होतं, टाक्यांवर हात जात होता, परत चिखलात जात होता. सर हलले नाहीत. चष्म्याच्या एका काचेवर चिखल आला, तो त्यांनी पुसला नाही. पुलावर दोन माणसं थांबून बघत होती, मग निघून गेली. आणि ह्या सगळ्यात सरांच्या लक्षात आलं की आपण आता काहीही जुळवत नाही आहोत. डोक्यात एकही वाक्य नव्हतं. नुसतं समोर दिसत होतं, तिचे दात, तिच्या कपाळाला चिकटलेले केस, गाऊनवरचे डाग परत मोठे होत चाललेले. ह्या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

दमून ती गुडघ्यांवर बसली. सर तिच्यासमोर खाली बसले, बसताना गुडघा वाजला. तिचा श्वास जरा बसल्यावर त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?"

ह्या सदतीस दिवसांत हे घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. सगळे 'बाळ' म्हणत होते, नाहीतर 'ते झालं तेव्हा' म्हणत होते. केतकीनं नाक पुसलं, त्यानं चेहऱ्यावर आणखी चिखल आला. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही ते वापराल."

"बरं," ते म्हणाले.

त्यांच्या खिशातला फोन वाजत होता. सुमन. त्यांनी उचलला आणि म्हणाले, "माझ्यासमोर आहे. बसलीय." पलीकडून सुमनचा श्वास तेवढा ऐकू आला, फोन न ठेवता ती कुठंतरी खाली बसली असावी. "जेवली नाहीये ती," एवढं ती म्हणाली, आणि मग फोन बंद झाला.

केतकी उठली. करंजाच्या खड्ड्यापासून वळणापर्यंतचा सगळा काठ तिनं नजरेनं मोजला. "ह्याच्यातच कुठंतरी ना? इथून तिथपर्यंत?"

"हो. नदीनं नेली नसेल तर." हे बोलायला नको होतं, पण ते खरं होतं.

"मग सगळा काठ चालत जाऊ," ती म्हणाली.

ते चालले. आधी पाण्याच्या कडेनं वळणापर्यंत, मग चार हात वर सरकून परत खड्ड्यापर्यंत, मग आणखी चार हात वर. शेत नांगरताना बैल वळतात तसे वळत. ऊन वर आलं होतं, गाळ तापून त्याला वास सुटला होता. गवतात पाय टाकताना केतकी सावकाश टाकत होती, आधी बोटं, मग टाच. सरही तसंच टाकायला लागले. चौथ्या की पाचव्या फेरीला सरांना जाणवलं की आपण मागचं काही तपासत नाही आहोत, कुणी आहे की नाही. तिथं कुणी नव्हतं, आणि आजवर जे होतं ते काय होतं हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं. पुढं केतकी होती. तिच्या पायाला काटा लागला तर तिला तो काढायला वाकता येणार नाही, टाके दुखतील, एवढाच विचार त्यांच्या मनात होता, म्हणून ते तिच्या टाचांकडे बघत चालले होते.

स्मशानाच्या छपराची सावली जिथं संपत होती तिथं ती थांबली. तिथं बाकीच्या काठापेक्षा वेगळं असं काही नव्हतं. गवत, एक फुटकं मडकं, कुणाच्या तरी चितेतून उरलेलं अर्धं लाकूड. ती खाली बसली, मग एका कुशीवर आडवी झाली, गाल गवतावर टेकवला, आणि एक हात पुढं पसरून तळवा मातीवर ठेवला.

सर तिच्याजवळ उभे राहिले. त्या दिवशी ते नदीच्या कितीतरी जवळ होते. पाण्याचे शिंतोडे ओंकारच्या पँटवर उडत होते. ही जागा नव्हती, एवढं तरी त्यांना नक्की माहीत होतं.

"केतकी," ते म्हणाले, "इथं नाही."

"माहीत आहे मला," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पण आता माझ्यानं उभं राहवत नाही."